डिस्कची आखणी (भाग ६) : आधी ताबा कोणाचा, ते पाहा

गेल्या भागात आपण डिस्कचे चार-चार केबीचे ब्लॉक पाडले. आता लगेच लिहायला बसायचं असा विचार असेल, तर जरा दमानं. नगरच्या सावेडी-केडगावकडे प्लॉट पाडायला निघालेला माणूससुद्धा आधी सातबारा काढतो, जागेवर ताबा कोणाचा ते बघतो. फॉरमॅट करणाऱ्या प्रोग्रॅमची लायकी मी एकाच गोष्टीवरून ठरवतो : तो नकार केव्हा देतो.

डिस्क वापरात असेल तर पहिला नकार. लिनक्समध्ये डिस्क उघडताना ‘ओ_एक्सेल’ हा पर्याय दिला, की माउंट असलेल्या डिस्कवरून कर्नल स्वतःच ‘बिझी’ म्हणून परत पाठवतो. एका शब्दाचं काम आहे, तरी हौशी लोकांच्या कोडमध्ये नेमका तोच शब्द गायब असतो.

दुसरा नकार जुन्या फाईल सिस्टिमसाठी. ईएक्सटी४ची मुख्य नोंद, म्हणजे सुपरब्लॉक, डिस्कच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून सुरू होते. तिची ओळखखूण त्यात ५६ बाइट पुढे. हेक्स एडिटर उघडा आणि शून्यापासून मोजत १०८०वा बाइट पाहा : ५३, आणि त्याला लागून ईएफ. ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३ची खूणही हीच. ती दिसली की आपल्या प्रोग्रॅमने थांबून विचारायचं आणि नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ धरायचं. लिनक्सचा एमकेईटूएफएस हेच करतो.

फक्त सुरुवात तपासून भागतं का? नाही. इथे पुण्याचं एक काम आठवतं. सन कंपनीच्या झेडएफएस या फाईल सिस्टिमचा सोर्स २००५मध्ये खुला झाला. तो लिनक्सवर आणायचं काम अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने सुरू केलं होतं, पण फाईल आणि फोल्डर वापरता येतील असा वरचा थर त्यात नव्हता. २०१०मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने तो थर जोडला. नगरहून तीन तासांच्या अंतरावर हे घडलं आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही, याची मला खंत आहे.

या झेडएफएसमध्ये फॉरमॅटची वेगळी पायरीच नाही. ‘झेडपूल क्रिएट’ म्हटलं की प्रत्येक डिस्कवर २५६ केबीची चार लेबलं लिहिली जातात, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटाला. एक टोक खराब झालं तरी दुसऱ्यावरून ओळख पटावी, हा हिशेब. आपल्या प्रोग्रॅमची पंचाईत मात्र इथेच होते. सुरुवातीवर नवी फाईल सिस्टिम लिहिली तरी शेवटची लेबलं तशीच राहू शकतात. मग एकाच डिस्कवर दोन खुणा दिसतात आणि डिस्क ओळखणारी साधनं गोंधळतात. म्हणून दोन्ही टोकं तपासायची आणि मालकाने होकार दिल्यावर दोन्हीकडचा एकेक एमबी शून्यांनी भरायचा.

राहिला लिहिण्याचा क्रम. आपल्याकडे लाइट जायला मुहूर्त लागत नाही. अर्ध्यात लाइट गेली तर अपुरी डिस्क पूर्ण असल्यासारखी दिसता कामा नये. त्यासाठी आधी जुन्या खुणा पुसा, मग तक्ते लिहा, ‘एफसिंक’ करून ते डिस्कवर पोचल्याची खात्री करा आणि सुपरब्लॉक सगळ्यात शेवटी लिहा. त्यानंतर आणखी एक ‘एफसिंक’.

पुढच्या भागात आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलमागे लागणाऱ्या नोंदी, किती ठेवायचे ते ठरवू. ईएक्सटी४ हा आकडा फॉरमॅटच्या वेळीच पक्का करतो, साधारण १६ केबीमागे एक. साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या एकेक केबीच्या पावत्या साठवायच्या असतील, तर ६४ जीबीच्या डिस्कवर सुमारे ४२ लाख पावत्यांनंतर आयनोड संपतात. प्रत्येक पावतीने चार केबीचा अख्खा ब्लॉक अडवूनही तेव्हा डिस्क जेमतेम पाव भरलेली असते. तोवर सराव करायचा तो ६४ एमबीच्या रिकाम्या फाईलवर करा. घरातल्या फोटोंच्या पेनड्राइव्हला हात लावू नका.