शाळेतला संडास आणि आठ वर्षांच्या पोराचं पोट

आजचा भाग जेवताना ऐकू नका. विषय पोटाचाच आहे, पण दुसऱ्या टोकाचा.

माझा भाचा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. गेल्या दिवाळीनंतर ताईला त्याच्या चड्डीवर डाग दिसायला लागले. आम्हाला वाटलं, जुलाब होतायत. तिने भाज्या-फळं बंद केली, नुसता दहीभात सुरू. मी तर त्याहून शहाणा. "एवढा घोडा झालास, कळत नाही का?" असं बोलून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी 'शाळेतच जायचं नाही' म्हणून त्याने रडून गोंधळ घातला. वर्गातली पोरं त्याच्या शेजारी बसेनात.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "जुलाब नाहीत. बद्धकोष्ठता आहे."

आता हे उलटंच वाटतं ना? पण बघा. मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेतं. शी दाबून ठेवली की मळ आत जास्त वेळ राहतो, कोरडा आणि कडक होतो. पुढच्या वेळी दुखतं. दुखतं म्हणून पोर आणखी दाबतं. असं बरेच दिवस चाललं की गुदाशय ताणला जातो आणि तो भरल्याची जाणीवच बोथट होते. मग मागून येणारा पातळ मळ त्या कडक गोळ्याच्या कडेने झिरपतो आणि चड्डीला लागतो. बऱ्याचदा मुलाला ते कळतही नाही. म्हणजे मी ओरडलो ते फुकट, आणि भाज्या बंद करून आम्ही दुखणं वाढवलं ते वेगळंच.

पण तो दाबत का होता? ते त्याने डॉक्टरांना नाही सांगितलं. परत येताना गाडीवर माझ्या मागे बसून सांगितलं, माझं तोंड दिसत नव्हतं तेव्हा. "मामा, तिथे कडीच लागत नाही. पाणी पण नसतं. मुलं दार ढकलतात." म्हणून पठ्ठ्या पाण्याची बाटली भरलेलीच घरी आणायचा आणि डबा अर्धा. प्यायलोच नाही तर जावंच लागणार नाही, असा त्याचा हिशेब. त्या हिशेबाने मळ आणखी कडक होत गेला.

मग आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं, औषध. डॉक्टरांनी आधी साठलेला मळ मोकळा करायला आणि नंतर तो मऊ ठेवायला औषध दिलं. हे काही महिने चालतं. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही, आणि स्वतःच्या मनाने मुलांना जुलाबाची औषधं द्यायची नाहीत.

दुसरं, वेळ. खाल्लं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. त्याचा फायदा घ्यायचा. ताई आता त्याला अर्धा तास लवकर उठवते. दूध-पोळी झाली की ५ ते १० मिनिटं बसायचं. कमोडवर पाय लोंबकळले तर जोर लागत नाही, म्हणून पायाखाली स्टूल. मोबाईल नाही. झाली नाही तरी रागवायचं नाही. घरीच पोट साफ झालं की शाळेतली निम्मी भीती जाते.

तिसरं, दप्तर. एका छोट्या पाऊचमध्ये पेपर सोप, टिश्यू, जादा चड्डी आणि एक पिशवी. धुण्यासाठी पाण्याची वेगळी बाटली. घाणीतले जंतू पोटात जातात ते मुख्यतः हातांवाटे, त्यामुळे साबण सगळ्यात महत्त्वाचा. घरी कमोड आणि शाळेत भारतीय पद्धतीचा संडास, म्हणून उकिडवं बसायची सवय सुट्टीत आजीकडे करून घेतली.

चौथं, बाई. ताई त्यांना एकटी भेटली, डॉक्टरांची चिठ्ठी दिली. चारचौघांत बोट वर करायला नको म्हणून खूण ठरली: बाईंच्या टेबलावर खोडरबर ठेवायचं आणि निघायचं. बाईंनी त्याला शिक्षकांचा संडास वापरायला दिला.

पण बाकीच्या पोरांचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि पिण्याचं शुद्ध पाणी हे शाळेच्या निकषांतच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ताईने समितीच्या बैठकीत तीनच गोष्टी मागितल्या: कडी, पाणी, साबण. इतर आया लगेच म्हणाल्या, आमचीही घरी येईपर्यंत दाबूनच ठेवतात. कडी दोन दिवसांत लागली. साबण आला. पाणी मात्र दुपारी अजूनही जातं, पाठपुरावा चालू आहे.

भाचा आता बराच सावरलाय. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीके मामा, पण घोडा नको म्हणूस."

तुमच्या घरात शाळेत जाणारं कोणी असेल तर आज एवढंच करा: संध्याकाळी त्याची पाण्याची बाटली उचलून बघा. भरलेली असेल तर शांतपणे विचारा. शीमध्ये रक्त, उलट्या, फुगलेलं पोट किंवा वजन घटणं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

भेटू पुढच्या भागात!