पंगतीत उभा राहिलेला सिद्धांत

माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, यहूदी धर्माचे नियमशास्त्र पाळून नव्हे, ही शिकवण ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याशी आहे. बाहेरच्या वाचकाला ती बहुधा धर्मपंडितांचा काथ्याकूट वाटते, नाहीतर ‘विश्वास ठेवला की झाले, वागणे कसेही असो’ अशी सवलत वाटते. हे दोन्ही समज या शिकवणीवर अन्याय करणारे आहेत. ती प्रेषित पौलाच्या ज्या पत्रांत प्रथम लेखी मांडली गेली, ती पत्रे नीट वाचली की ध्यानात येते, तिला तोंड फुटले ते जेवणाच्या पंगतीवरून झालेल्या भांडणात. देवाने ज्याला स्वीकारले, त्याला आपल्या शेजारी बसवून घेण्याआधी माणसाने आणखी अटी घालाव्यात का, हा मूळ प्रश्न होता. म्हणूनच या शिकवणीची खरी कसोटी, ती मानणारे एकमेकांशी कसे वागतात हीच आहे, असे मला वाटते.

ही घटना इसवी सन 50 च्या आसपासची, सीरियातल्या अंत्युखिया शहरातली. आज हे ठिकाण तुर्कस्तानात आहे. तिथल्या मंडळीत यहूदी आणि यहूदीतर असे दोन्हीकडचे ख्रिस्ती एकत्र जेवत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्रही त्या पंगतीला बसे. पुढे यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली, आणि त्यांच्या धाकाने पेत्र यहूदीतरांपासून वेगळा होऊ लागला. बाकीचे यहूदी ख्रिस्तीही त्याच्यामागे गेले. पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्यातून सुटला नाही. तेव्हा पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने हा प्रसंग सांगितला आहे आणि त्याला जोडूनच, नियमशास्त्रातल्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हे सूत्र मांडले आहे. ही जवळीक योगायोगाची नाही. सुंता करून घ्या, खाण्यापिण्याचे नियम पाळा, मग आमच्यात बसा, असे सांगणे म्हणजे ख्रिस्ताने केलेले अपुरे आहे असे सांगणे, हा पौलाचा मुद्दा होता. पंगतभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पौलाच्या संतापाचे कारणही त्यामुळे त्याला चटकन उमगावे.

पौलाने हा मुद्दा संतापावर सोडला नाही, तो शास्त्राच्या आधाराने सिद्ध केला. इसवी सन 57 च्या सुमारास रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो अब्राहामाकडे वळतो, कारण सगळे यहूदी त्याला आपला मूळपुरुष मानतात. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि तेच त्याचे नीतिमत्त्व म्हणून गणले जाते. सुंतेची आज्ञा येते ती सतराव्या अध्यायात. गलतीकरांच्या पत्रात तर तो स्पष्ट सांगतो की नियमशास्त्र अब्राहामाला दिलेल्या वचनानंतर 430 वर्षांनी आले. म्हणजे मूळपुरुषालाच देवाने स्वीकारले तेव्हा त्याच्याजवळ ना सुंता होती, ना मोशेचे नियम. मग जी अट त्याला लागू नव्हती ती इतरांवर कशी लादायची? ज्यांना प्रमाण मानायचे त्याच ग्रंथांतून काढलेले हे उत्तर आहे, म्हणून ते खोडणे कठीण आहे.

यावरचा पहिला आक्षेप पौलाच्या काळातच घेतला गेला: कृपा फुकट मिळत असेल तर पाप का सोडावे? पौलाने रोमकरांच्या पत्रात हा प्रश्न स्वतःच उपस्थित करून ठामपणे फेटाळला आहे, आणि प्रेमातून कार्य करणारा विश्वासच मोलाचा, असे गलतीकरांना बजावले आहे. बायबलमधलेच याकोबाचे पत्र तर केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरत नाही, असे स्पष्ट म्हणते. हा विरोध वरवर दिसतो तितका खोल नाही. याकोब ज्या विश्वासाला नाकारतो, तो नुसता होकार आहे. देव एक आहे हे भुतेही मानतात, असे तो दाखवून देतो. पौलाचा विश्वास म्हणजे स्वतःला देवाच्या हाती सोपवणे. तिथे सत्कर्म ही स्वीकाराची किंमत राहत नाही, ते स्वीकारातून निघते. मग विश्वास हीच एक नवी अट झाली नाही का? नाही, कारण आपल्या पात्रतेचा दावा सोडून देणे यालाच इथे विश्वास म्हटले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या शिकवणीच्या नावाखाली अनेक ख्रिस्ती लेखकांनी यहूदी धर्माला पुण्याचा जमाखर्च मांडणारा कोरडा धर्म ठरवले. 1977 मध्ये ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने त्या काळच्या यहूदी ग्रंथांच्या आधारे हे चित्र खोटे असल्याचे दाखवले. यहूदी श्रद्धेतही देवाची निवड आधी येते आणि आज्ञापालन नंतर. इस्राएल मिसरातून सुटला तो सीनाय पर्वतावर आज्ञा मिळण्याआधीच. हा आक्षेप मान्य करायलाच हवा. पण त्याने पौलाचे म्हणणे कोसळत नाही, उलट त्याची धार कुठे होती ते कळते: देवाच्या कुटुंबाचे दार बाहेरच्यांना कोणत्या अटीवर उघडायचे, हा वाद होता.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हीच शिकवण अपराधभावाने गांजलेल्या मनापुढे ठेवली, आणि पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये कॅथलिक भूमिका स्वतंत्रपणे मांडली. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव स्वीकारतो, हे मिळून मान्य केले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण साडेचार शतकांच्या भांडणानंतर गाभा एकच असल्याची ही कबुली होती.

शब्दांतली एकवाक्यता मात्र पुरेशी नाही, हे आपल्या देशातल्या चर्चच्या इतिहासाने दाखवले आहे. तमिळ प्रदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत जातीनुसार वेगळे बसणे आणि प्रभुभोजनालाही वेगळे येणे चालू होते. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी ते ताबडतोब बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्याला तंजावरसारख्या ठिकाणी मोठा विरोध झाला. विश्वासाने नीतिमान ठरतो असे म्हणणारेच अंत्युखियातली चूक पुन्हा करत होते. देवाने अट न घालता स्वीकारले असे जो मानतो, त्याला दुसऱ्या माणसाला अट घालण्याचा अधिकार उरत नाही. ज्या मंडळीत ताट वेगळे, बसणे वेगळे किंवा दफनभूमी वेगळी आहे, तिथे ही शिकवण पाठ झाली असेल, पण तिच्यावर विश्वास बसलेला नाही.