इंग्रजी वाक्यरचना मुलांना कशी शिकवावी? सुरुवात मराठी वाक्यापासून

आठवीतल्या एका मुलीला बारा काळांचा तक्ता तोंडपाठ होता. सिंपल प्रेझेंटपासून फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअसपर्यंत ती न अडखळता म्हणून दाखवायची. तिला सांगितलं, ‘मला दोन भाऊ आहेत’ हे इंग्रजीत लिही. तिने लिहिलं, ‘मी टू ब्रदर्स आर’. (इथला ‘मी’ इंग्रजीतला, म्हणजे ‘मला’.)

अशा वाक्यावर लाल फुली मारून पुढे जाणं सोपं असतं. पण नीट पाहा. मला म्हणजे ‘मी’, दोन म्हणजे ‘टू’, भाऊ दोन म्हणून ‘ब्रदर्स’, आहेत म्हणजे ‘आर’. एकही शब्द चुकीचा नाही, अनेकवचनसुद्धा बरोबर. तिने मराठी वाक्यच इंग्रजी शब्दांनी लिहिलं होतं. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषातज्ज्ञाने १९६७ साली एका गाजलेल्या लेखात हेच मांडलं: शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे नुसता निष्काळजीपणा नसतो, त्याच्या डोक्यात या क्षणी कोणते नियम चालू आहेत हे त्या चुकांवरून कळतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं होतात. तरी रजेचा अर्ज पाठ असलेली अनेक मुलं स्वतःच्या मनातलं साधं वाक्य लिहिताना थांबतात, आणि अकरावीला गेल्यावर वर्गात प्रश्न विचारायलाही घाबरतात. नियम त्यांना सांगितलेले असतात. दोन भाषांची वाक्यं मुळात वेगळ्या पद्धतीने उभी राहतात, हे मात्र बहुतेकदा कोणी सांगितलेलं नसतं.

मराठीत प्रत्यय, इंग्रजीत जागा

‘कुत्र्याने मांजराला पकडलं.’ आता शब्द हलवा: ‘मांजराला कुत्र्याने पकडलं.’ ‘पकडलं मांजराला कुत्र्याने.’ जोर बदलला, पण पकडणारा कुत्राच राहिला. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय आपापल्या शब्दाला चिकटून आहेत. शब्द कुठेही गेला तरी त्याची ओळख त्याच्यासोबत जाते.

इंग्रजीत ‘द डॉग कॉट द कॅट’ हे उलटवून ‘द कॅट कॉट द डॉग’ केलं, की मांजरच कुत्र्याला पकडतं. शब्द तेच, फक्त जागा बदलली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि ‘ही’–‘हिम’, ‘आय’–‘मी’ अशा जोड्यांमध्ये तेवढे उरले. कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगायचं काम मग शब्दांच्या जागेवर येऊन पडलं.

म्हणून पहिला धडा नाउन-व्हर्बच्या व्याख्यांचा नसावा, जागेचा असावा. त्यासाठी कागदाच्या पट्ट्या पुरतात. एकेका पट्टीवर एकेक तुकडा लिहा:

मी | काल | बाजारात | आंबे | घेतले

आता मुलांना सांगा, पहिली पट्टी जागेवर ठेवा आणि बाकीच्या शेवटापासून उलट्या क्रमाने लावा. मी, घेतले, आंबे, बाजारात, काल. ‘आय बॉट मँगोज इन द मार्केट यस्टरडे.’ इंग्रजी वाक्य तयार! ‘मी त्याला पेन दिलं’ घ्या: मी, दिलं, पेन, त्याला. ‘आय गेव्ह अ पेन टू हिम.’ सातवीच्या मुलांना हा खेळ जादूसारखा वाटतो, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही.

हा आरसा तुकड्याच्या आतही चालतो. ‘बाजारात’ मधला ‘त’ शेवटी येतो, ‘इन’ आधी येतो. ‘शाळेच्या मागच्या झाडाखाली’ हे शेवटाकडून वाचा: खाली, झाड, मागे, शाळा. ‘अंडर द ट्री बिहाइंड द स्कूल.’ प्रिपोझिशनची यादी पाठ करणाऱ्या मुलाला ‘बिहाइंड’चा अर्थ माहीत असतो, पण तो शब्द शाळेच्या आधी ठेवायचा हे कळलेलं नसतं.

आरशाला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. विशेषण उलटत नाही. ‘लाल गाडी’ म्हणजे ‘रेड कार’च. ‘आजीचं घर’ हेही ‘ग्रॅनीज हाउस’ असं सरळच राहू शकतं. ‘यस्टरडे’ वाक्याच्या सुरुवातीलाही चालतं. प्रश्नाची गोष्ट तर वेगळीच, तिच्याकडे येऊच.

पहिली खुर्ची रिकामी ठेवता येत नाही

‘कालच आलो’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. आलो, आलास, आली: क्रियापदच सांगतं की कोण आलं. इंग्रजीतलं ‘केम’ सगळ्यांना सारखंच, म्हणून त्याच्या आधी ‘आय’, ‘यू’ किंवा ‘शी’ सांगावंच लागतं. ही सक्ती इतकी कडक आहे की बसवायला कोणी नसेल तरी खुर्चीवर कोणाला तरी बसवतात. ‘इट इज रेनिंग’ मधलं ‘इट’ म्हणजे कोण, हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त असतो. कोणीच नाही, फक्त खुर्ची भरायला बसवलंय, हे उत्तर त्यांना लगेच पटतं.

खरी अडचण ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत येते. मराठीत भूक, थंडी, ताप, आवड हे सगळं आपल्याला ‘होतं’, ‘लागतं’, ‘वाजतं’. ‘मला भूक लागली’ यात व्याकरणाने कर्ता आहे भूक! इंग्रजी त्या खुर्चीवर माणसाला बसवते: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय लाइक मँगोज’.

‘आहे’चंही तसंच. मला भाऊ आहे, माझ्याकडे सायकल आहे, मला ताप आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत. मराठीत ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘खोलीला’ असं काहीतरी बदलत राहतं आणि ‘आहे’ कायम राहतं. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ चालतं, आणि ज्याचं ते आहे तो खुर्चीवर येतो. ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ एवढाच अर्थ शिकवला तर मुलाला ताप जवळ कसा असेल ते कळत नाही. त्यापेक्षा ही चार वाक्यं एकाखाली एक फळ्यावर लिहावीत.

‘डिड’ नंतर ‘वेंट’ का नाही?

‘तो गेला नाही.’ मराठीत भूतकाळ ‘गेला’मध्ये आहे आणि ‘नाही’ मागून जोडलंय. मूल ‘ही डिड नॉट वेंट’ लिहितं, कारण ‘गेला’साठी त्याला ‘वेंट’च हवं असतं. इथे सांगायची गोष्ट एकच: इंग्रजी वाक्यात काळाची खूण एकदाच लागते, आणि ती सर्वांत पुढच्या क्रियापदावर. ‘डू’ मदतीला आला की खूण तो घेतो आणि ‘डिड’ होतो. मागच्याला मूळ रूपात ‘गो’ राहावं लागतं. ‘शी गोज’ पण ‘डज शी गो’ यामागेही हाच हिशेब आहे. ‘गोज’मधला ‘एस’ उचलून ‘डज’कडे गेला.

प्रश्नात मराठी फक्त शेवटी ‘का’ लावते: ‘तू चहा पितोस का?’ इंग्रजी तेच काम वाक्याच्या सुरुवातीला करते: ‘डू यू ड्रिंक टी?’ म्हणजे प्रश्नाचा ‘का’ पुढे आणायचा, एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं.

नियम अजिबात सांगू नयेत, मुलांना भाषा वापरू द्यावी, असं मानणारा विचारही आपल्याकडे झाला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून दक्षिण भारतातल्या काही शाळांत तसा प्रयोग केला. वेळापत्रक वाचणं, नकाशावरून रस्ता शोधणं अशी कामं इंग्रजीतून करता करता व्याकरण आपोआप बसेल, ही त्यामागची कल्पना होती. कामाचा आग्रह मला पटतो. पण शिक्षक आणि मुलं दोघांची भाषा मराठी असेल, तर दोन भाषा शेजारी ठेवून दाखवण्याची सोय सोडून का द्यायची? बारा खान्यांचा तक्ता मात्र खुशाल उशिरा द्यावा. सुरुवातीला रोजच्या बोलण्यात लागणारे चार-पाच काळ पुरेत.

घरी पालकांनाही हे करता येईल. रोज कालच्या दिवसाबद्दल पाच खरी वाक्यं लिहून घ्यावीत, आणि एका दिवशी एकाच प्रकारची चूक सुधारावी. आज फक्त शब्दांची जागा. स्पेलिंग आणि ‘अ’–‘द’ उद्यावर. सगळी वही लाल झाली, तर दुसऱ्या दिवशी मूल दोनच वाक्यं लिहितं, तीही पाठ केलेली.

त्या मुलीने चार ‘आहे’ पाहिल्यावर वाक्य बदललं: ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ मग न विचारता खाली आणखी एक लिहिलं, ‘आय हॅव नॉट सिस्टर.’ म्हणजे तिच्या मराठीतलं ‘नाही’ आता इंग्रजीत जागा शोधत होतं. दुसऱ्या दिवशीचा धडा तिथून सुरू झाला.