खान्देशातल्या शेततळ्यात जिताडा!

जळगाव-धुळ्याला समुद्र नाही, तरी एक महागडा समुद्री मासा इथे वाढू शकतो: जिताडा! अंडी खाऱ्या पाण्यात, पण वाढ गोड्या पाण्यातही जोमदार. पेण-अलिबागकडे तळ्यांत तो पिढ्यानपिढ्या पाळतात. चेन्नईच्या 'सीबा' संस्थेने १९९७ मध्ये त्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं.

लक्षात ठेवा:
• बीज हळूहळू गोड्या पाण्याला सरावू द्या.
• मोठे लहानांना गिळतात. आकारानुसार वेगळे करा.
• पाणी २० अंशांखाली गेलं की खाणं मंदावतं. आपल्याकडच्या हिवाळ्यात जपा.
• जिवंत विकायचा असेल तर आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, वाहतुकीच्या टाकीत ऑक्सिजन सोडा.

शेततळं असेल तर आधी थोड्या बीजावर करून बघा!