की-बोर्ड कोणाच्या हातात?

मैत्रिणींनो, मृग लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा असते. सरकी लावायची, की अजून चार दिवस थांबायचं? पाऊस दगा देऊन गेला तर बियाणं वाया जातं आणि दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसतो. म्हणून आता आमच्या मुकुटबनच्या बायासुद्धा वावरात जाण्याआधी मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघतात. पण हा अंदाज तयार करणारं यंत्र कसं असतं आणि ते कोण चालवतं, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला?

पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे २०२४ मध्ये ‘अर्का’ नावाचा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. सेकंदाला ११ हजार ७०० लाख कोटींहून जास्त आकडेमोडी करण्याची त्याची ताकद! मे २०२५ मध्ये देशात नवी अंदाज-पद्धती आली. पूर्वी १२ किलोमीटरच्या चौकटीचा हिशेब व्हायचा, तो आता ६ किलोमीटरच्या चौकटीचा होतो. म्हणजे अंदाज आपल्या शिवाराच्या आणखी जवळ आला.

आता गंमत अशी, की हा सुपरकॉम्प्युटर म्हणजे एकच अवाढव्य मशीन नसतं. पुष्कळ कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, काम वाटून घेऊन, एकासारखे चालवायचे, त्याला म्हणतात क्लस्टर. आपल्याला हे नवीन नाही. दहाबारा जणींचा बचतगट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ... एकटीला जे कर्ज मिळत नाही, ते संघाला मिळतं. तसंच हे.

ही वाट महाराष्ट्राने देशाला दाखवली, हेही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सीडॅक’ ही संस्था उभी राहिली. तिची धुरा होती डॉ. विजय भटकर यांच्याकडे. ते आपल्या वऱ्हाडचेच, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्या चमूने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. पण नुसतं यंत्र बनवून भागत नाही, ते चालवणारे हात लागतात. म्हणून १९९३ मध्ये सीडॅकने ‘अ‍ॅक्ट्स’ ही प्रशिक्षणाची शाळा काढली. मला विचाराल, तर यंत्राइतकीच ही शाळाही मोठी गोष्ट!

हे सगळं मला कळलं ते माझ्या भाचीमुळे. ती इंजिनीअर आहे, एका कॉलेजात शिकवते. गेल्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या तंत्रनिकेतनातल्या वीस मुलींसाठी क्लस्टरचा पाच दिवसांचा वर्ग घ्यायचं तिने ठरवलं. वेळापत्रक घेऊन माझ्याकडे आली. “मावशी, तू इतकी वर्षं गटांची प्रशिक्षणं घेतेस. जरा बघ ना.”

मी कलाशाखेची. त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण एक दिसलं. पहिले तीन दिवस व्याख्यानं आणि प्रात्यक्षिक शेवटी! म्हटलं, अगं, पापड लाटायचं शिकवताना आम्ही आधी पोळपाट-लाटणं हातात देतो. पाच दिवसांनी या मुलींना स्वतःच्या हाताने काय करता आलं पाहिजे, ते आधी सांग. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एक नवा कॉम्प्युटर एकटीने क्लस्टरला जोडता आला पाहिजे, आणि बंद पडलं तर कुठे बिघडलं ते शोधता आलं पाहिजे.” झालं! तिथून उलट मागे येत येत आम्ही पाच दिवस आखले.

प्रश्न होता यंत्रांचा. महागडं मशीन कुठून आणायचं? पण तिने एक गोष्ट सांगितली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’त थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे १६ कॉम्प्युटर जोडून क्लस्टर केला होता. वर ‘लिनक्स’ ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. आज जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर लिनक्सवरच चालतात. मग काय, तंत्रनिकेतनाच्या कोठीत धूळ खात पडलेले वीस जुने कॉम्प्युटर आम्ही बाहेर काढले. चौघींचा एक गट, गटाला चार कॉम्प्युटर, त्यांना जोडणारी एक स्विचची पेटी आणि केबल.

खरं काम वेगळंच होतं... घरच्यांची समजूत घालण्याचं. “पाच दिवस बाहेरगावी? सोबत कोण?” म्हणून मीच मुलींसोबत पाचही दिवस राहायचं ठरवलं. वेळ एसटीच्या वेळेप्रमाणे बांधली. दहाला सुरू, साडेचारला बंद. वीज जाते, तेव्हा करायचं कागदावरचं कामही ठरवून ठेवलं.

पहिल्या दिवशी मुलींनी डबे उघडून आतलं बघितलं, केबल जोडल्या, लिनक्स टाकलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कॉम्प्युटरला नाव आणि क्रमांक दिला, जसा घराला घरक्रमांक. सगळ्यांना सामायिक असा एक फोल्डर केला. तिसऱ्या दिवशी ‘एमपीआय’ म्हणजे कॉम्प्युटरांनी आपसात निरोप देण्याची पद्धत. चौथ्या दिवशी रांग. दहा जणांची कामं एकदम आली तर कोणाचं आधी, हे ठरवणारा ‘स्लर्म’ नावाचा प्रोग्रॅम असतो. रेशनच्या दुकानात असा कोणी असता तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं!

तिसऱ्या दिवशीचा एक प्रयोग मला फार आवडला. एका कॉम्प्युटरला आठ मिनिटं लागणारं गणित चौघांनी दोन मिनिटांपेक्षा थोड्या जास्त वेळात केलं. मग दुसरं गणित दिलं, ज्यात चौघांना सारखं एकमेकांना विचारावं लागत होतं. त्याला एकट्यापेक्षा चौघांनाच जास्त वेळ लागला! काम वाटण्याचंही शास्त्र असतं. लग्नघरी दहा जणी भाजी चिरायला बसल्या तर ती लवकर होते, पण वरण शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. न वाटता येणारा भाग वेगाला अडवतो, हे जीन अ‍ॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्येच मांडून ठेवलंय.

एक नियम मात्र माझा होता. दर अर्ध्या तासाने की-बोर्ड पुढच्या मुलीकडे जायचा. गटात एक धीट असते, ती भराभर टाइप करते आणि बाकीच्या नुसत्या माना डोलावतात. बघून शिकल्यासारखं वाटतं, पण हात कोरे राहतात. दुसरा नियम भाचीचा. केलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. कमांड इंग्रजीत, आणि ती का दिली ते मराठीत.

या वहीचं मोल तिसऱ्या दिवशी कळलं. एक मुलगी आलीच नाही. घरी कापसाची वेचणी, मजूर बाया मिळेनात, म्हणून वडिलांनी थांबवून घेतलं. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. वडील वाईट नव्हते हो! “ताई, बोंडं फुटून पडली आहेत. पाऊस आला तर वर्षाची कमाई मातीत जाईल,” असं म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी आईने तोड काढली, एक दिवस वेचणीला आणि दोन दिवस शिकायला.

चौथ्या दिवशी ती आली आणि गटाची वही पहिल्या पानापासून वाचत बसली. त्यांचा क्लस्टर कालपासून मधूनच अडत होता, कोणाला कारण सापडत नव्हतं. हिने वाचता वाचता विचारलं, “मॅडम, दुसऱ्या आणि चौथ्या कॉम्प्युटरला एकच नंबर कसा?” दोन घरांना एकच घरक्रमांक! पत्र कधी इकडे, कधी तिकडे. नंबर बदलला आणि गाडी सुरळीत चालली.

शेवटच्या दिवशी भाचीने मुद्दाम बिघाड केले. कुठे केबल सैल केली, कुठे डिस्क भरून टाकली. मग प्रत्येकीने एकटीने एक नवा कॉम्प्युटर जोडून दाखवायचा होता. वीसपैकी सतरा जणींनी जोडला. उरलेल्या तिघींसाठी पुढचा शनिवार ठेवला. कोणाला नापास म्हटलं नाही.

पाच दिवसांत कोणी तज्ज्ञ होत नाही, हे खरंच. पण पुढची वाट आहे. सीडॅकचे पदव्युत्तर डिप्लोमा आहेत, त्यांची ‘सी-कॅट’ ही प्रवेशपरीक्षा असते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमध्ये प्रशिक्षणासाठी गोव्याच्या आयआयटीसह चार आयआयटींमध्ये केंद्रं ठरवली गेली. एमएस-सीआयटीच्या वर्गाला आपण मुलींना पाठवलंच ना? मग त्याच्या पुढची पायरी का नको?

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या कॉलेजात जा आणि विचारा, जुने कॉम्प्युटर कोठीत किती पडलेत? आणि वर्ग सुरू झाला, की एकदा खिडकीतून डोकावून बघा, की-बोर्ड कोणाच्या हातात आहे ते!