जुना प्रिंटर, नवा संगणक

घरात नवा संगणक आला की जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रवानगी बहुधा माळ्यावर होते. ‘याची वायर आता कुठे बसत नाही,’ हे एवढेच त्याचे निमित्त. वस्तुतः प्रिंटर बिघडलेला नसतो. दोघांची बोलण्याची पद्धत निराळी असते.

१९७० साली अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला. त्याची ३६ टोकांची जोडणी पुढे सर्वत्र रूढ झाली. हिलाच पॅरलल जोडणी म्हणतात. हिच्यात आठ तारांवरून एका अक्षराचे आठ बिट एकदम जातात. ‘अक्षर ठेवले आहे, घे’ हे सांगणारी तार वेगळी आणि ‘थांब, मी कामात आहे’ हे कळवणारी वेगळी. १९९६ साली यूएसबी आली. तिच्यात बिट बांधावरून चालणाऱ्या माणसांप्रमाणे एकामागून एक जातात. म्हणून नुसती तारेला तार जोडून भागत नाही.

यासाठी यूएसबी-पॅरलल केबल मिळते. तिच्यातील चिप रांगेने आलेले बिट आठ-आठ करून प्रिंटरला देते. दोन्ही यंत्रे बंद ठेवून केबल जोडावी आणि मग संगणकावर ड्रायव्हर निवडावा. नेमका ड्रायव्हर न मिळाल्यास एप्सनचा लावून पाहावा. कारण एप्सनच्या आज्ञा इतर अनेक कंपन्यांनीही स्वीकारल्या होत्या. मात्र थेट पॅरलल पोर्टवर लिहिणाऱ्या जुन्या डॉस प्रोग्रामांना ही केबल सहसा दिसत नाही.

खरी अडचण पुढे येते. बहुतेक जुन्या प्रिंटरांच्या स्मृतीत देवनागरी अक्षरे नसतात. विंडोजमधील ‘टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरने मराठी मजकूर धाडल्यास भलतीच चिन्हे उमटतात. तेव्हा चित्रे छापू शकणारा ड्रायव्हर निवडावा. मग संगणक प्रत्येक अक्षराचे ठिपके स्वतः मांडून पाठवतो. छपाई सावकाश होते, पण मराठी शुद्ध उमटते.

एवढी खटपट कशासाठी, असे कुणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्या दुकानाची पावती मराठीत हवी आणि कार्बन घालून तिच्या तीन प्रती निघायला हव्यात. इंकजेट प्रिंटर कागदावर नुसती शाई उडवतो. डॉट मॅट्रिक्सच्या सुया रिबनवर आघात करतात, म्हणून खालच्या कागदावरही अक्षर उठते. हे काम नव्या यंत्राला साधत नाही. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक केबल लावून पाहावी, हे बरे.