शपथ का मोडते?



देवाच्या पायांवर हात ठेवून माणूस दारू सोडतो आणि पोळ्याला पुन्हा पिऊन येतो. आपण म्हणतो, "याच्यात दमच नाही." मानसशास्त्राचा वरचा अभ्यास करणाऱ्याला असे म्हणून चालत नाही. शपथ घेताना तो खोटे बोलत होता काय? बहुधा नाही. मग ती मोडली कशी, हे त्याला शोधावे लागते.

व्यसनाचा पुष्कळसा भाग शिकलेल्या सवयीचा असतो. रोवणीत कंबर भरून आली की खर्रा तोंडात टाकायचा, असे शेकडो वेळा झाले म्हणजे त्या दोहोंची गाठ पक्की बसते. मग पानठेल्यावर खर्रा घोटताना नुसता दिसला, तरी तोंडाला पाणी सुटते. शपथ माणसाने घेतलेली असते. पानठेल्याने थोडीच घेतली आहे!

ली रॉबिन्स या अमेरिकन विदुषींनी १९७० नंतरच्या दशकात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिकडे हेरॉइनच्या पुरते आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले शेकडा पाचच्या आसपास निघाले. जागा, सोबती, लढाईचा ताण हे सारे मागे राहिले, हे त्याचे एक मोठे कारण. आपल्याकडे नेमके उलटे घडते. माणूस उपचाराला बाहेरगावी जातो, तिथे सुधारतो आणि परत त्याच चौकात येऊन उभा राहतो. पुण्याचे 'मुक्तांगण' डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने सुरू केले. तेथे रुग्ण घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला आणि घरच्या मंडळींना सोबत घेण्याला मोठे स्थान आहे, ते याचसाठी.

आता शपथेकडे वळू. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने १९८५ च्या ग्रंथात एक गोष्ट मांडली. पाय एकदा घसरणे वेगळे आणि खड्ड्यात जाऊन पडणे वेगळे. "एक थेंबही नाही" म्हणणाऱ्याने एक घोट घेतला, की त्याला वाटते, मोडलीच ना शपथ, आता बाटली संपवायला काय हरकत? एका घोटाची बाटली होते ती या विचाराने. घरचेही त्याच वेळी तोंड फिरवतात. खरे तर तेव्हाच विचारावे, "काल कुठे होतास, सोबत कोण होते?" शाळेत खर्रा खाणाऱ्या पोराला गुरुजींनीही छडीआधी हेच विचारून पाहावे.

कुणाला हा अभ्यास करावासा वाटेल. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. पदवीनंतर एम. ए. साधारण दोन वर्षांचे. त्यात मनोविकार, समुपदेशन, मानसिक चाचण्या आणि संख्याशास्त्र येते. (या शेवटच्या विषयाला पुष्कळ जण बिचकतात. पण शंभर जणांत किती सुधारले हे मोजल्याशिवाय उपचार चांगला की वाईट, हे कळणार कसे?) मात्र एम. ए. झाले म्हणून रुग्णांवर उपचार करता येतात असे नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला त्यापुढचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. औषध लिहून देणे हे डॉक्टरचेच काम.

आणि हे घरोघरी सांगा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून ठेवून दारू एकदम तोडू नका. एकदोन दिवसांत हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात. प्रसंगी जीवही जातो. आधी त्याला सरकारी दवाखान्यात न्या. सल्ला हवा असल्यास १४४१६ या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.